भाजलेल्या अंगावर नवी त्वचा : पुण्यापासून शीवपर्यंतचा इतिहास

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया आणि तहांच्या सनावळ्या, अशी आपल्या विद्यार्थ्यांची समजूत असते. ती करून देण्यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे. परंतु ज्या ज्ञानाने माणसाचे प्राण वाचतात त्यालाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो आपल्या दाराशीच घडलेला असतो. भाजून जळालेल्या त्वचेच्या जागी नवी त्वचा कशी बसवतात, हा तसाच एक विषय आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका चुकीमुळे, आणि ती चूक माझीच होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील गोष्ट. उपनगरातील एका शाळेत आनंदमेळावा भरला होता. मुलांनी खाद्यपदार्थांचे स्टॉल लावले होते. आठवीतील एका मुलाच्या हातावर भज्यांच्या कढईतील उकळते तेल सांडले. मी जवळच होतो. त्याला घेऊन मी शिक्षकांच्या खोलीत धावलो आणि लहानपणापासून घरी जे पाहिले होते तेच केले. टूथपेस्टची नळी आणवली व साऱ्या हाताला लेप दिला. रुग्णालयात तो लेप काढताना मुलगा जो ओरडला, तो आवाज मी विसरलेलो नाही. “शाळेत नळाला पाणी नव्हते का?” एवढेच डॉक्टरांनी विचारले. पाणी होते. नळ त्या खोलीच्या दारातच होता.

मुलाच्या हाताचा काही भाग आपोआप भरून आला नाही. शेवटी त्याच्या मांडीवरची पातळ त्वचा काढून तेथे लावावी लागली. पुढे भेटायला गेलो तेव्हा त्याने विचारले, “सर, मांडीची कातडी हाताला चिकटते कशी? आणि हे पहिल्यांदा कोणी करून पाहिले?” मला उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

त्वचा काय काम करते

आपल्या शरीराचा सर्वांत मोठा अवयव कोणता, असे वर्गात विचारले तर मुले यकृत, फुप्फुस, आतडे अशी नावे सांगतात. त्वचा कोणी सांगत नाही. प्रौढ माणसाच्या अंगावरची सर्व त्वचा पसरली तर ती सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरेल. ती शरीरातील पाणी आत ठेवते, रोगजंतूंना बाहेर ठेवते आणि शरीराची उष्णता सांभाळते.

त्वचेचे मुख्य दोन थर आहेत. वरचा थर पातळ असून तो सतत झिजतो व नव्याने तयार होतो. खालचा थर जाड व चिवट; त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी असतात. वरवर भाजले तर केसांच्या मुळांशी शिल्लक राहिलेल्या पेशींपासून नवी त्वचा उगवते. दोन्ही थर पूर्ण जळाले तर उगवायला बीजच उरत नाही. लहान जखम कडेकडेने आक्रसून भरते, मोठी भरत नाही. तेथून शरीरातील द्रव झिरपत राहतो आणि जंतू आत शिरतात. म्हणून मोठ्या प्रमाणात भाजलेला रुग्ण पहिले काही दिवस तगला तरी पुढे जंतुसंसर्गाने दगावू शकतो. उघड्या जखमेवर लवकरात लवकर काहीतरी आच्छादन घालणे, हेच या उपचाराचे मर्म आहे.

पुण्याचा कावसजी

त्वचा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याची विद्या भारतात फार जुनी आहे. सुश्रुताच्या ग्रंथात कापलेले नाक नव्याने घडवण्याची कृती आहे. झाडाच्या पानाने माप घ्यावे आणि तेवढी त्वचा गालावरून उचलून नाकाच्या जागी बसवावी, असे तेथे सांगितले आहे. हा ग्रंथ पुढे बगदादला पोहोचला. अब्बासी खलिफांच्या काळात वजीर यह्या बिन खालिद बरमकी याच्या आज्ञेवरून मनका नावाच्या भारतीय वैद्याने त्याचे अरबीत रूपांतर केले, अशी नोंद दहाव्या शतकातील इब्न अल्-नदीम याच्या ग्रंथसूचीत आहे. ज्ञान कोणाचे, असा प्रश्न त्या काळच्या जाणत्यांनी केला नाही. उपयोगी आहे की नाही, एवढेच त्यांनी पाहिले.

परंतु युरोपला ही विद्या नव्याने कळली ती आपल्या पुण्यामुळे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’ या मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र चित्रासह प्रसिद्ध झाले. त्यात कावसजी नावाच्या मराठा शेतकरी जातीच्या माणसाची हकीकत आहे. १७९२ च्या म्हैसूर युद्धात तो इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याचे काम करीत होता. तो टिपू सुलतानच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला, असे पत्रलेखक म्हणतो. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला. नंतर पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले. पत्रात या माणसाची जात विटा करणाऱ्यांची, म्हणजे आपल्या भाषेत कुंभाराची दिली आहे. त्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. तिची कृती अशी. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक बनवायचे. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा व त्याभोवती रेघ मारायची. तेवढी त्वचा सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी न तोडता तशीच ठेवायची. या देठातून रक्त वाहत राहते, म्हणून त्वचा मरत नाही. मग ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. सांधा धरून ठेवण्यासाठी पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधला देठ कापायचा. विड्याच्या पानातला कात आणि घरातले तूप, एवढ्या साहित्यावर हे काम होत होते. मात्र हे तूप शस्त्राने केलेल्या, जुळत आलेल्या जखमेसाठी होते. भाजल्यावर तूप लावावे असा याचा अर्थ कोणी काढू नये.

कावसजीचे चित्र जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जेम्स वेल्स या चित्रकाराने काढले. त्यावरून केलेली छापील प्रत लंडनमध्ये पोहोचली. ते वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने मृत शरीरांवर सराव केला आणि १८१४ साली पहिली शस्त्रक्रिया केली. १८१६ साली त्याने त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले आणि ‘भारतीय पद्धत’ युरोपभर गेली.

देठ नसलेली त्वचा

कावसजीच्या कपाळावरची त्वचा देठासकट वळवली होती. पण मांडीची त्वचा हातावर न्यायची तर देठ ठेवता येत नाही. ती शरीरापासून पूर्ण वेगळी होते. अशी त्वचा दुसरीकडे जगेल का?

या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर १८६९ साली पॅरिसमध्ये मिळाले. जाक-लुई रेव्हर्दिन या तरुण स्विस डॉक्टराने त्वचेचे अगदी लहान कण सुईने उचलून उघड्या जखमेवर ठेवले. ते तेथे रुजले आणि त्यांच्याभोवती नवी त्वचा पसरू लागली. १८७४ साली जर्मनीत थिएर्श याने कणांऐवजी पातळ व मोठे पापुद्रे वापरले. १८७५ साली ग्लासगोच्या वुल्फ याने पूर्ण जाडीची त्वचा पापणीवर लावून दाखवली.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा पहिला भाग येथे सुटतो. काढलेला पापुद्रा मिलिमीटरच्या काही दशांश भागाइतकाच जाड असतो. पहिले दोन दिवस तो जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर जगतो. मग खालच्या रक्तवाहिन्या त्याच्या वाहिन्यांना जाऊन मिळतात आणि पाच-सात दिवसांत तो पक्का धरतो. आंब्याच्या कलमासारखेच हे आहे. सांधा हलता कामा नये, खाली पाणी साचता कामा नये आणि कीड लागता कामा नये. मांडीवर मुळाशी पेशी शिल्लक असल्याने तेथील जखम सुमारे दोन आठवड्यांत भरते.

पुढे यंत्रे आली. सारख्या जाडीचा पापुद्रा काढणारे यंत्र अमेरिकेत पॅजेट या शल्यविशारदाने हूड या अभियंत्याच्या मदतीने १९३९ साली पुढे आणले. १९६४ साली टॅनर याने त्वचेला बारीक छेद देऊन तिची जाळी करण्याची युक्ती काढली. जाळी ताणली की तेवढीच त्वचा तिप्पट जागा झाकते आणि मधली भोके आपोआप भरतात.

दुसऱ्याची त्वचा का टिकत नाही

रुग्णाचे अर्ध्याहून अधिक अंग जळाले असेल तर त्याच्या अंगावर काढण्याजोगी त्वचा कितीशी उरणार? दुसऱ्याची त्वचा लावली तर ती काही दिवस चांगली दिसते आणि नंतर गळून पडते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. कारण ठाऊक नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात विमाने कोसळून अनेक वैमानिक भाजले आणि या प्रश्नाला निकड आली. ब्राझीलमध्ये जन्मलेले, लेबनीज वडिलांचे पुत्र पीटर मेडावर हे तेव्हा ऑक्सफर्डमध्ये प्राणिशास्त्रज्ञ होते. ग्लासगोच्या रुग्णालयात थॉमस गिब्सन या शल्यविशारदाबरोबर त्यांनी भाजलेल्या एका स्त्रीवर बारकाईने निरीक्षण केले. तिच्या भावाची त्वचा लावली, ती गळली. त्याच भावाची पुन्हा लावली, ती आणखी लवकर गळली. म्हणजे शरीर परक्याला ओळखते आणि ती ओळख लक्षात ठेवते. हा निष्कर्ष त्यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. याच दिशेने पुढे केलेल्या कामासाठी मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक बर्नेट यांच्यासह मिळाले. आज मूत्रपिंडाचे व हृदयाचे रोपण होते, त्यामागचे शास्त्र भाजलेल्या त्वचेच्या अभ्यासातून निघाले आहे.

मात्र दुसऱ्याची त्वचा कायमची टिकत नसली तरी निरुपयोगी नसते. ती दोन-चार आठवडे जखम झाकते. तेवढ्यात रुग्णाला बळ येते, त्याची स्वतःची त्वचा काढलेली जागा भरून येते व तेथून पुन्हा पापुद्रा काढता येतो. बुडत्या माणसाला फळी मिळावी तसे हे आहे. फळी घर नव्हे, पण किनाऱ्यापर्यंत पोहोचवते.

प्रयोगशाळेतील त्वचा

विज्ञानाने दुसरे मार्गही शोधले. १९७५ साली अमेरिकेत र्‍हाइनवॉल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवण्याची रीत सिद्ध केली. टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत मोठे क्षेत्र झाकेल इतके पापुद्रे तयार होतात. १९८३ साली ९५ टक्क्यांहून अधिक अंग भाजलेल्या दोन लहान भावांवर बोस्टनमध्ये ही त्वचा लावली गेली आणि दोघेही वाचले. ती रुग्णाच्याच पेशींची असल्याने शरीर ती नाकारत नाही. पण त्यात फक्त वरचा थर असतो. तो नाजूक राहतो आणि खर्च फार येतो.

खालच्या थराची उणीव भरून काढण्याचे काम बोस्टनचेच शल्यविशारद जॉन बर्क व ग्रीसमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ योआनिस यानास यांनी केले. जनावराच्या स्नायुबंधातील प्रथिन व शार्क माशाच्या कूर्चेतील द्रव्य यांची सच्छिद्र जाळी आणि तिच्यावर सिलिकॉनचा पापुद्रा, अशी ही कृत्रिम त्वचा. तिच्या छिद्रांत रुग्णाच्या पेशी शिरतात व खालचा थर नव्याने रचतात. वरचा पापुद्रा काढून मग रुग्णाची अगदी पातळ त्वचा लावतात. पहिले निष्कर्ष १९८१ साली आले आणि अमेरिकन शासनाची मान्यता १९९६ साली मिळाली. ही साधने उत्तम आहेत. परंतु आपल्या चाळींतून व वस्त्यांतून भाजून येणाऱ्या सामान्य रुग्णाला ती परवडणारी नाहीत.

मुंबईने काय केले

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक मध्यम किंवा गंभीर स्वरूपात भाजतात. यांतील बहुतेकांपाशी पैसा नसतो. हे ओळखून मुंबईच्या डॉक्टरांनी वेगळी वाट धरली.

डॉ. मनोहर केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीच्या कापडावर चिकटवून, निर्जंतुक करून, जखमेवर लावल्या व त्याचा अहवाल १९८५ साली जागतिक नियतकालिकात दिला. साल जखमेला ओलावा देते आणि पट्टी बदलताना चिकटत नाही. भाजल्यावर पाणी ओता, हा संदेश घरोघरी नेण्यासाठीही त्यांनी पुष्कळ खटपट केली.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे यांनी आपल्या जेवणाच्या पंगतीतील केळीचे पान घेतले. निर्जंतुक केलेल्या पानाची पट्टी गुळगुळीत असते, जखमेला चिकटत नाही, वेदना कमी होते. बटाट्याच्या सालीपेक्षा ती तयार करायला सोपी व स्वस्त ठरली. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले.

त्याआधी, २००० साली, याच महापालिका रुग्णालयात डॉ. गोरे यांच्या पुढाकाराने देशातील पहिली त्वचापेढी सुरू झाली. मुलुंडचा पूल ओलांडला की ऐरोली लागते. तेथील नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही पुढे त्वचापेढी झाली. मृत व्यक्तीची दान केलेली त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, थंड ठिकाणी, पाच वर्षांपर्यंत ठेवता येते. अशी त्वचा दोन शतकांपूर्वीच्या त्या अनामिक कुंभाराला मिळाली असती तर त्याने काय केले असते, असा विचार मनात येतो.

आपण काय करावे

आता अडचण ज्ञानाची नाही. अडचण देणाऱ्यांची आहे. त्वचादान म्हटले की लोक दचकतात. मय्यतीची विटंबना होईल, सारे अंग सोलून काढतील, अशी भीती वाटते. वस्तुस्थिती अशी आहे : मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, नातेवाइकांच्या संमतीने, पथक घरीही येते. मांड्या, पाय व पाठ येथून केवळ वरचा पातळ पापुद्रा घेतात. साधारण पाऊण तासाचे काम. रक्त वाहत नाही, विद्रूपता येत नाही आणि त्या जागी पट्टी बांधून देतात. दाता अठरा वर्षांवरील असावा. रक्तगट जुळावा लागत नाही. कावीळ ‘बी’ व ‘सी’, एच. आय. व्ही., त्वचेचा कर्करोग किंवा संसर्ग असल्यास त्वचा घेत नाहीत. अवयवरोपणाचा १९९४ चा कायदा २०११ साली सुधारून त्यात त्वचेसारख्या ऊतींचाही समावेश झाला.

आपल्या समाजात येथे धर्माचा प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. रुग्णाची स्वतःची त्वचा त्याच्याच अंगावर लावणे, आणि मृताने आधी किंवा त्याच्या वारसांनी परवानगी दिली असता त्याचा अवयव गरजूला देणे, या दोन्ही गोष्टींना जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८८ साली अटींसह मान्यता दिली. भारतातील उलेमांमध्ये मात्र मृत्यूनंतरच्या दानाविषयी मतभेद आहेत. माझ्यासारख्या शिक्षकाने त्यावर निवाडा देऊ नये. माझी विनंती एवढीच, की हा प्रश्न घरात मय्यत झाल्यावर घाईने नव्हे, तर आजच, शांतपणे, आपल्या विश्वासातील आलिमांना व डॉक्टरांना विचारावा. विचारलाच नाही तर ‘नाही’ हे उत्तर अज्ञानानेच दिलेले असते.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र कोणताही मतभेद नाही. कोणी भाजले तर प्रथम आग विझवा, अंगठ्या-बांगड्या काढा आणि भाजलेला भाग नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, तूप नको, हळद नको. मोठे अंग भाजले असेल, विशेषतः लहान मूल असेल, तर बाकीचे शरीर गारठू देऊ नका. स्वच्छ कापड सैलसर झाका आणि रुग्णालय गाठा. रुग्णाच्या हाताचा बोटांसह पंजा म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. या मापाने किती भाजले ते डॉक्टरांना सांगता येते. ज्या त्वचेचा खालचा थर पाण्याने वाचतो, तिच्यासाठी पुढे कलमाची गरज पडत नाही.

तो विद्यार्थी आता नोकरीला आहे. त्याच्या हातावर जाळीची खूण अजून दिसते. मी वर्ग घेतो त्या प्रत्येक वर्षाच्या सुरुवातीला मुलांना नळापाशी नेतो आणि वीस मिनिटे किती लांब असतात ते घड्याळ लावून दाखवतो. मुले कंटाळतात, हसतात. पण घरी जाऊन आईला सांगतात, आणि तेवढे मला पुरे आहे.